भुयारातली यंत्रसेना आणि उष्णतेचा हिशेब

“एवढे सगळे रोबो बनवायला त्यांना लोखंड कुठून मिळतं?”

एका शाळेच्या विज्ञान मंडळात आम्ही एका चित्रपटातला तुकडा दाखवला, तेव्हा आठवीतल्या एका मुलीने हा प्रश्न विचारला. आम्ही “सिनेमातून!” असे म्हणून तो हसण्यावारी नेला. मुले हसली, मुलगी खाली बसली. घरी परतताना मात्र आमच्या लक्षात आले की त्या तासातला सर्वात चांगला प्रश्न आम्ही वाया घालवला होता. म्हणून हा लेख.

चित्रपट होता ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला, जॉर्ज लुकास यांनी दिग्दर्शित केलेला ‘अटॅक ऑफ द क्लोन्स’ (२००२). जिओनोसिस नावाचा एक लालसर, वाळवंटी ग्रह आहे. तिथे पंख असलेले कीटकासारखे प्राणी वारुळासारख्या उंच सुळक्यांत राहतात आणि त्यांच्या वस्तीच्या पोटात यंत्रमानवांची फौज तयार होत असते. अनाकिन आणि पद्मे (नाव अगदी आपल्याकडचे वाटावे असे!) आपल्या सहकाऱ्याच्या सुटकेसाठी आत शिरतात आणि सरकत्या पट्ट्यावर पडतात. वरून अवजड दाबयंत्रे आदळत असतात, तापलेला रस भांड्यांतून ओतला जात असतो. पद्मे अशाच एका रिकाम्या भांड्यात पडते, आणि रस तिच्यावर ओतला जाण्याआधी आर-टू हा छोटा यंत्रमानव तिला सोडवतो. प्रसंग कमालीचा वेगवान आहे. तो मूळ चित्रीकरणात नव्हता, नंतर चित्रित करून जोडला गेला. हे कळल्यावर तो कथेपासून थोडा सुटा का वाटतो याचा उलगडा होतो.

आता हिशेब करू. चित्रपटात आकडे नाहीत, तेव्हा आपणच धरू. एक यंत्रमानव ५० किलो लोखंडाचा, आणि दिवसाला १००० नग. सामान्य तापमानाचे एक किलो लोखंड तापवून वितळवायला साधारण १.३ मेगाज्यूल ऊर्जा लागते. म्हणजे ५०,००० किलोंना दिवसाला ६५,००० मेगाज्यूल. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी भागले की सुमारे ७५० किलोवॅट येतात. आकडा फार मोठा नाही, आपल्याकडची मध्यम आकाराची फाउंड्रीसुद्धा तो ओळखेल. पण ओतलेले लोखंड पुन्हा थंड होते, तेव्हा ही सगळी उष्णता कारखान्यातच सांडते. जमिनीवर वारा ती घेऊन जातो. भुयारात?

भोवतीचा खडक ती शोषून घेईल असे वाटते. पण खडक हा उष्णतेचा मंद वाहक आहे. भुयाराच्या भिंती व छत मिळून १०,००० चौरस मीटर, आणि दहा मीटर जाडीच्या खडकात ५० अंशांचा फरक, असे धरले तरी जेमतेम १२५ किलोवॅट बाहेर जातात, म्हणजे एक षष्ठांश. शिवाय दिवस जातील तसा खडक आणखी खोलवर तापत जातो आणि हा आकडाही घसरतो. भट्ट्यांची गळती, दाबयंत्रांच्या मोटारी हे तर आपण धरलेच नाही. तेव्हा उरलेली उष्णता हवेवाटे किंवा वाफेवाटे बाहेर फेकण्यावाचून गत्यंतर नाही.

इथे आम्ही चित्रपटावर तुटून पडणार होतो. पण तो पुन्हा पाहिला आणि थोडे ओशाळलो. यान उतरवण्यापूर्वी पद्मेला जमिनीतून उठणारे वाफेचे लोट दिसतात, ते बाहेर सोडण्याचे मार्ग आहेत हे ती ओळखते, आणि त्यातल्याच एका मार्गाने ते खाली उतरतात. म्हणजे पटकथा लिहिणाऱ्याला हे सुचले होते! भुयारातला कारखाना नजरेपासून लपेल, उष्णतेपासून लपणार नाही, हे या दोन-तीन वाक्यांत नेमके आले आहे. आत शिरल्यावर मात्र चित्रपट ते विसरतो. १५०० अंश सेल्सिअसचा आदर्श कृष्णपदार्थ दर चौरस मीटरला ५५० किलोवॅटहून जास्त प्रारण सोडतो. भर दुपारचे ऊन त्याच एककात सुमारे एक किलोवॅट असते. द्रव धातू चकचकीत असतो म्हणून एक तृतीयांश धरा, तरी पद्मेला रस अंगावर पडण्याची वाट पाहावी लागली नसती.

त्या मुलीचा प्रश्न याहून खोल जातो. लोखंड कदाचित मिळेल, पण यंत्रमानवाचा मेंदू? त्यातली मंडले बनवायला धूळमुक्त दालने लागतात, आणि या कारखान्यात तर चहूकडे धूळ आणि ठिणग्या. डोके येते ते तयारच येते. सी-थ्रीपीओचे डोके लढाऊ यंत्रमानवाच्या धडावर बसते तो विनोद याच सोयीवर उभा आहे. १९८० साली अमेरिकेच्या नासाने चंद्रावर स्वतःची प्रत काढणाऱ्या कारखान्याचा अभ्यास केला होता. सुरुवातीचे ‘बीज’ सुमारे १०० टनांचे असेल असा त्यांचा अंदाज होता. तिथेही अडचण हीच आली. बहुतेक सुटे भाग चंद्राच्या मातीतून करता येतील, पण थोडे नाजूक भाग पृथ्वीवरूनच न्यावे लागतील. त्यांना त्यांनी जीवनसत्त्वांची उपमा दिली. प्रमाणाने थोडे, पण त्यांच्यावाचून चालत नाही.

या बाबतीत आम्हाला फिलिप के. डिक यांच्या दोन जुन्या कथा सरस वाटतात. ‘सेकंड व्हरायटी’मध्ये (१९५३) जमिनीखालचे कारखाने आपणहून नवे, माणसासारखे दिसणारे मारेकरी घडवू लागतात. ‘ऑटोफॅक’मध्ये (१९५५) युद्ध संपले तरी भूमिगत कारखाने माल काढतच राहतात, कुणाचे ऐकत नाहीत. माणसे मग दोन कारखान्यांमध्ये टंगस्टनच्या साठ्यावरून झुंज लावून देतात. डिक यांनी उष्णतेचे गणित केलेले नाही, पण कच्चा माल संपतो हे त्यांनी कथेचेच बीज केले.

आणखी एक गोष्ट खटकते. सगळे आपोआप चालले आहे असे पडद्यावर दिसते. खऱ्या इतिहासात भुयारातला शस्त्रकारखाना आपोआप चाललेला नाही. जर्मनीत नॉर्डहाउझेनजवळच्या टेकडीतल्या बोगद्यांत १९४३ साली व्ही-२ अग्निबाणांचा कारखाना हलवला गेला, तो बॉम्बवर्षावापासून लपवण्यासाठी. तिथे डोरा छावणीतले कैदी राबवले गेले. पहिले काही महिने ते बोगद्यातच झोपत. या छावणीतून आणि तिच्या उपछावण्यांतून सुमारे ६०,००० माणसे गेली, त्यांतली सुमारे २०,००० मेली. व्ही-२ च्या माऱ्यात मेलेल्यांहून हा आकडा मोठा आहे. मुलांना तो प्रसंग दाखवणार असाल तर हेही सांगा.

आम्ही त्या शाळेत पुन्हा गेलो, मुलीची क्षमा मागितली आणि ‘ऑटोफॅक’ची गोष्ट सांगितली. टंगस्टन म्हणजे जुन्या बल्बच्या तारेतला धातू, ३४०० अंशांच्या वर वितळणारा, असे सांगताच तिने विचारले, “मग तो ओतायचं भांडं कशाचं करतात?” या वेळी आम्ही हसलो नाही. टंगस्टन सहसा ओतत नाहीत. त्याची पूड दाबून, न वितळवता तापवून घट्ट करतात.