खडू-फळा मोहीम : मोजणी कशाची?

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार केंद्र शासनाने १९८७ मध्ये खडू-फळा मोहीम सुरू केली. प्रत्येक प्राथमिक शाळेला किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि नकाशे, पुस्तके, विज्ञानपेटी असे साहित्य मिळावे, हा हेतू योग्यच होता. उणीव होती ती हिशेबाच्या पद्धतीत. साहित्य डेडस्टॉक रजिस्टरात चढले की तपासणीत वस्तू मोजल्या जात, प्रयोग नव्हेत. भिंग फुटले तर जाब शिक्षकाला. साहजिकच अनेक शाळांत पेटी कपाटातच राहिली. वास्तविक फूटतूट ही वापराची खूण होय. म्हणून नव्या योजनांत फुटतुटीसाठी दरवर्षी रक्कम हवी. आणि अधिकाऱ्यांनी ‘भिंगे किती?’ याबरोबरच ‘भिंगातून मुलांनी काय पाहिले?’ हेही विचारावे.