दृष्टांत आणि दार्ष्टांतिक : हार्डिन यांच्या कुरणाची फेरपाहणी

१३ डिसेंबर १९६८ रोजी ‘सायन्स’ या अमेरिकी साप्ताहिकात गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाचा ‘सामाईकाची शोकांतिका’ या आशयाचा निबंध प्रसिद्ध झाला. निबंध जेमतेम सहा पानांचा. परंतु गेल्या अर्धशतकात दारिद्र्य, लोकसंख्या आणि निसर्गसंपत्ती या विषयांवर जे काही लिहिले-बोलले गेले, त्यावर या सहा पानांची छाया पडलेली आहे. विद्यापीठांतून तो पाठ्य म्हणून नेमला गेला, सरकारी अहवालांत त्याचा आधार घेतला गेला, आणि ज्यांनी तो कधी वाचला नाही अशांच्या तोंडीही त्याचे सार म्हणीसारखे बसले. असे लेखन केवळ अर्थशास्त्रज्ञांच्या हवाली करून चालत नाही. त्याचे सामर्थ्य त्यातील एका कथेत आहे. म्हणून कथेची परीक्षा करणाऱ्यांनी, म्हणजे साहित्याच्या वाचकांनीही, ते तपासले पाहिजे.

कथा अशी. सर्वांना मोकळे असलेले एक कुरण आहे. प्रत्येक गुराखी विचार करतो : मी एक जनावर वाढवले तर त्याचा सगळा लाभ माझा, चराई वाढल्याने होणारी हानी मात्र सर्वांत वाटली जाणार. प्रत्येकाचा हिशोब अचूक असतो, म्हणूनच सर्वांचा नाश होतो. कुरण उजाड होते. ही कल्पना हार्डिन यांनी विल्यम फॉर्स्टर लॉइड या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाच्या १८३३ मधील व्याख्यानांतून घेतली. तिच्यावरून निष्कर्ष असा की, सामाईक ते टिकत नाही. त्याची खासगी मालकी करा, नाहीतर वरून नियंत्रण ठेवा.

आपल्या भाषेला दृष्टांताची परंपरा जुनी आहे. महानुभावांच्या ‘दृष्टांतपाठा’त केसोबासांनी चक्रधरस्वामींच्या दृष्टांतांची मांडणी तीन अंगांनी केली : सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. दृष्टांतातली गोष्ट कोणत्या तत्त्वाला कोठवर लागू पडते, हे दार्ष्टांतिकात उलगडायचे. नुसता दृष्टांत सांगून उठून जाण्याची मुभा तेथे नाही. हार्डिन यांच्या निबंधात सूत्र आहे, अत्यंत प्रभावी दृष्टांतही आहे. परंतु दार्ष्टांतिकाची जागा रिकामी आहे. असे कुरण कोणत्या गावात होते, तेथे कोणाची किती गुरे चरत आणि ती कोणत्या नियमाने चरत, याचा मागमूस निबंधात लागत नाही.

त्या कुरणावरचे गुराखी एकमेकांशी बोलत नाहीत, ही या कथेतली सर्वांत मोठी उणीव. त्यांना पंच नाहीत, पाटील नाही, शेजार नाही, रूढी नाही, लाज नाही. आपल्या महसुली भाषेला जो भेद सहज करता येतो, तो हार्डिन यांना करता आला नाही : बेवारशी वेगळे आणि सामाईक वेगळे. बेवारशी वस्तूला धनी नसतो. सामाईक वस्तूला अनेक धनी असतात आणि म्हणूनच तिला नियम असतात. मध्य प्रदेशच्या महसूल सेवेत आयुष्य गेलेल्यांना हा भेद पुस्तकातून शिकावा लागत नाही. १९५९ च्या भू-राजस्व संहितेने प्रत्येक गावासाठी ‘निस्तार पत्रक’ तयार करण्याची तरतूद केली. गुरे कोठे चारायची, जळण, लाकूड, मुरूम, दगड कोठून आणि कोणत्या अटींवर घ्यायचे, हे त्यात गावकऱ्यांचे मत घेऊन नोंदवायचे. पाणी, वाट, मासेमारी यांसंबंधीच्या गावाच्या रूढी ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये लिहायच्या. संहितेने या रूढी निर्माण केल्या नाहीत. ज्या होत्या त्यांना कागद दिला.

आपल्या शेजारच्या खानदेशातली फड पद्धती याहून बोलकी आहे. पांझरा, मोसम आदी नद्यांवरच्या जुन्या बंधाऱ्यांखालील क्षेत्राचे फड पाडलेले असत. एका फडात एका हंगामाला एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि सर्वांवर गावाचे पंच. पाणी कमी पडेल त्या वर्षी कोणता फड भिजवायचा आणि कोणता कोरडा ठेवायचा, याचा निर्णय सामुदायिक असे. हार्डिन यांनी लोकसंख्येच्या संदर्भात सर्वांनी संमतीने स्वीकारलेल्या सक्तीचा उपाय सुचवला आहे. खानदेशातल्या शेतकऱ्यांनी पाण्याच्या बाबतीत तो शतकानुशतके आचरला होता, आणि त्याला शोकांतिका म्हणण्याचे कारण त्यांना पडले नव्हते.

पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी हे दार्ष्टांतिक लिहिले. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात स्वित्झर्लंडमधील डोंगरी कुरणे, स्पेनमधील कालवे, फिलिपिन्समधील सिंचन मंडळे यांची उदाहरणे तपासून सामाईक संपत्ती कोणत्या अटींवर टिकते हे सांगितले आहे. हक्कदार कोण हे ठरलेले असावे, नियम करण्यात वापरणाऱ्यांचा हात असावा, देखरेख असावी, दंड पायरीपायरीने वाढावा, आणि सरकारने या व्यवस्थेला मान्यता द्यावी, या त्यातल्या प्रमुख अटी. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. स्वतः हार्डिन यांनीही १९९४ मध्ये, आपण बोलत होतो ती व्यवस्थापन नसलेल्या सामाईकाविषयी, अशी दुरुस्ती केली. परंतु पंचवीस वर्षांनी आलेली दुरुस्ती मूळ निबंधाइतकी कोण वाचतो? तोवर दृष्टांत धोरण झाला होता.

आफ्रिकेतील बोट्सवाना हे त्याचे ठळक उदाहरण. १९७५ मध्ये तेथील सरकारने जमातींच्या चराऊ जमिनींविषयी नवे धोरण आणले. त्यामागचे निदान हार्डिन यांचेच होते : कुरण सामाईक, म्हणून अतिचराई. उपाय म्हणून मोठी क्षेत्रे कुंपण घालून दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देण्यात आली. पट्टे घेणे ज्यांना परवडले ते आधीपासून मोठे कळप बाळगणारे होते. त्यांनी स्वतःचे कुंपण तर घेतलेच, शिवाय गावाच्या कुरणावर चारण्याचा जुना हक्कही सोडला नाही. स्वतःचे गवत राखून ठेवायचे आणि गरिबाचे आधी संपवायचे, अशी सोय झाली. जी भूमी रिकामी समजून नकाशावर आखली गेली, तिच्यावर सान लोक शिकार आणि कंदमुळे यांवर जगत होते. नोंदवहीत नाव नसल्यामुळे त्यांना हक्कच उरला नाही. ज्याच्यावर शोकांतिकेचा आरोप होता ते सामाईक कुरण गेले. शोकांतिका मात्र राहिली आणि ती दुबळ्यांच्या वाट्याला आली.

याच्या उलट मंगोलियाचा दाखला. मंगोलिया, चीन आणि रशिया यांच्या सीमांना लागून असलेल्या गवताळ प्रदेशाची तुलना १९९८ मध्ये ‘सायन्स’मध्येच प्रसिद्ध झाली. जेथे ऋतुमानाप्रमाणे कळप हलवण्याची जुनी सामुदायिक रीत टिकली होती त्या मंगोलियात सुमारे दशांश कुरण खराब झालेले आढळले. स्थिर वस्ती आणि मोठी सरकारी शेते आलेल्या रशियन भागात ते प्रमाण तीनचतुर्थांश होते. कुरणांची कुटुंबवार वाटणी करणाऱ्या चीनच्या भागात तृतीयांशाहून अधिक.

आपल्याकडे या प्रश्नाची मोजदाद नरपत सिंह जोधा यांनी केली. सात राज्यांतील कोरडवाहू गावांच्या त्यांच्या अभ्यासातून, १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात, दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, गरीब कुटुंबांचे जळण, चारा, रानभाजी, डिंक, मोहफुले यांसाठीचे अवलंबन श्रीमंतांपेक्षा कितीतरी अधिक होते. दुसरी, १९५० नंतरच्या तीन दशकांत या सामाईक जमिनी ढोबळ मानाने तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत घटल्या होत्या. गरिबांच्या नावाने वाटलेल्या या जमिनींचा मोठा भाग शेवटी आधीच जमीन असणाऱ्यांकडे गेला.

येथे आरोग्याचा प्रश्न शेताच्या बांधावरून थेट चुलीपाशी येतो. भूमिहीनाची शेळी गायरानावर चरते म्हणून त्याच्या घरी मुलाला दूध मिळते. पावसाळ्यात, धान्य संपलेले असते तेव्हा, टाकळा आणि घोळ या फुकटच्या भाज्या ताटात असतात. कोणत्याही अन्नधान्य योजनेच्या कागदावर ही मिळकत दिसत नाही. म्हणून ती गेल्यावर तिचा तोटाही दिसत नाही. मध्य प्रदेशात गेल्या शतकाच्या अखेरीस आणि या शतकाच्या आरंभी चरनोईसाठी राखून ठेवायच्या जमिनीचे प्रमाण साडेसात टक्क्यांवरून आधी पाच आणि मग दोन टक्क्यांवर आणले गेले. हेतू दलित-आदिवासी भूमिहीनांना जमीन देण्याचा होता आणि तो न्याय्य होता. परंतु अनेक गावांत पट्टा एकाच्या हातात आणि ताबा दुसऱ्याच्या, अशी स्थिती झाली. गायरान मात्र सर्वांचेच गेले.

हार्डिन यांचे म्हणणे सर्वस्वी खोटे ठरवणे अन्यायाचे होईल. नियम नसलेल्या ठिकाणी त्यांचे भाकीत खरे ठरते. समुद्रातील मासेमारी आणि वातावरणातील धूर ही त्याची साक्ष. आपल्या माळव्याचे भूजलही तसेच. पगपग रोटी, डगडग नीर असा लौकिक असलेल्या या भूमीत देवाससारख्या शहराला एके काळी रेल्वेने पाणी आणावे लागले. परंतु येथील विहिरी आणि नलकूप खासगी आहेत. ज्याची जमीन त्याचे खालचे पाणी, या समजुतीने जो तो खोल गेला. म्हणजे कुंपण घालून नाश टळतोच असे नाही. टळतो तो नियमाने.

तथापि निबंधाचे खरे लक्ष्य कुरण नव्हतेच. दृष्टांत होता गुरांचा. निष्कर्ष माणसांच्या पोरांविषयी होता. अपत्ये होऊ देण्याचे स्वातंत्र्य समाजाला परवडणार नाही, स्वेच्छेने काही साधणार नाही, हे त्याचे प्रतिपाद्य. १९७४ मध्ये तर त्यांनी जीवरक्षक नौकेची उपमा देऊन, श्रीमंत देशांनी गरीब देशांना अन्न पुरवू नये असे सुचवले. भारतात १९७६-७७ या एका वर्षात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्या हार्डिन वाचून झाल्या असे कोणी म्हणणार नाही. पण सक्तीवाचून गत्यंतर नाही हा विश्वास दोन्हीकडे एकच होता. आमच्या आधीच्या पिढीतील तलाठी आणि शिक्षक यांच्या डोक्यावर तेव्हा आकड्यांची लक्ष्ये होती, आणि त्याची किंमत नंतर कित्येक वर्षे कुटुंबकल्याणाच्या साध्या कामालाही मोजावी लागली.

योगायोग असा की, त्याच १९६८ च्या ऑगस्टमध्ये दुसरा एक छोटा लेख ‘लॅन्सेट’मध्ये आला. ढाक्याच्या पटकी संशोधन प्रयोगशाळेत डेव्हिड नॅलिन, रिचर्ड कॅश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, क्षार आणि ग्लुकोज यांचे योग्य प्रमाणातील पाणी तोंडाने पाजूनही पटकीचा रोगी वाचवता येतो. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी तेच पाणी पिंपांतून वाटले आणि तेथील मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आणले. १९८० नंतर ‘ब्रॅक’ या संस्थेच्या कार्यकर्त्या बांगलादेशातील एक कोटीहून अधिक घरी गेल्या आणि तीन बोटांची चिमूट मीठ व मूठभर गूळ यांचे पाणी कसे करायचे ते आयांना शिकवून आल्या. जन्मलेले मूल जगते असा भरवसा, मुलींचे शिक्षण आणि दाराशी येणारी आरोग्यसेविका यांनी तेथे काय घडवले? सत्तरच्या दशकारंभी दर स्त्रीमागे सहाहून अधिक असलेली अपत्यसंख्या अडीचच्या खाली आली. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा दोन होता. नौकेतून कोणाला ढकलावे लागले नाही.

त्या दोन लेखांपैकी एकाने गरिबाला हिशोबी, मुका आणि एकटा मानले. दुसऱ्याची परिणती त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोशी बोलण्यात झाली. समीक्षेच्या भाषेत सांगायचे तर पहिल्यात पात्रचित्रणाचा दोष आहे, आणि निबंधातील हा दोष पुढे धोरणात उतरला, की त्याचे प्रायश्चित्त लेखकाला घ्यावे लागत नाही.

२८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावांच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवून त्या गावांना परत देण्याच्या योजना करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. अशा आदेशाची अंमलबजावणी करायची तर आधी गावाचे काय होते हे ठाऊक हवे. ते निस्तार पत्रकांत आणि वाजिब-उल-अर्जांत लिहिलेले आहे. होळकर-शिंद्यांच्या काळातील दप्तरांत तर ते मोडी लिपीत आहे, आणि मोडी वाचणारे आता प्रामुख्याने आपल्यासारख्या घरांतूनच उरले आहेत. ही दप्तरे वाचून त्यांतील गायरानांचे, तळ्यांचे आणि पाणवाटांचे नियम प्रकाशात आणणे, हे हार्डिन यांच्या निबंधाला आपल्या बाजूने देता येण्याजोगे उत्तर आहे. राहिलेले दार्ष्टांतिक तेथे पडून आहे.