अनवाणी पायांचे कौतुक आणि सरावाचे मौन

धावपटूंच्या कथा आपल्या वृत्तपत्रांतून आणि चित्रपटांतून अलीकडे वारंवार येऊ लागल्या आहेत. बीड जिल्ह्यात सेवाकार्य करणाऱ्या आम्हांला त्यांचा विचार केवळ रसिक म्हणून करता येत नाही. पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर कोणी पोलीस भरतीसाठी, कोणी सैन्यासाठी, तर कोणी आयुष्यातील पहिल्या मॅरेथॉनसाठी धावत असतो. या मुलांच्या मनात याच कथा असतात. म्हणून त्या कथा काय सांगतात आणि काय गाळतात, हे तपासणे आम्हांला अगत्याचे वाटते.

२०२० साली प्रदर्शित झालेला ‘लता भगवान करे’ हा नवीन देशबोईना दिग्दर्शित चित्रपट घ्या. पतीच्या वैद्यकीय तपासणीसाठी पैसे हवेत म्हणून साठी ओलांडलेल्या लताबाई बारामतीच्या शर्यतीत नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या, ही सत्यघटना त्यात आहे. लताबाईंनी आपली भूमिका स्वतःच केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. शेतमजुरीने घडलेली ती चाल कसलेल्या अभिनेत्रीलाही साधली नसती. हे या चित्रपटाचे मोठे बळ आहे. तथापि, आपलेच दुःख एखाद्या स्त्रीला कॅमेऱ्यापुढे पुन्हा जगावे लागते, हा विचार प्रेक्षकाला अस्वस्थ केल्यावाचून राहत नाही.

ही कथा ‘मॅरेथॉनची’ म्हणून सांगितली जाते, त्या शब्दाकडेही पाहिले पाहिजे. लताबाई ज्येष्ठांच्या गटात धावल्या, ते अंतर अवघे काही किलोमीटर होते; मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरांची असते. यात लताबाईंना उणेपणा मुळीच नाही. उलट, अंतराचा आकडा फुगवण्याची गरज आपल्याला का भासते, हाच प्रश्न आहे. एका वृद्धेला औषधोपचारासाठी धावावे लागते, ही समाजाची नामुष्की होय. ‘प्रेरणादायी’ हे विशेषण लावले की ती नामुष्की आपल्या नजरेआड होते.

दुसरी कथा आमच्याच जिल्ह्याची आहे. आष्टी तालुक्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे बालपणी सहा किलोमीटरांवरच्या शाळेत चालत-धावत जात, हे वाक्य त्यांच्यावरील बहुतेक लेखांत हमखास सापडते. जणू तेथेच विजेता घडला! परंतु ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या या जिल्ह्यात शाळेपर्यंत पायपीट करणारी मुले असंख्य आहेत. ती सगळी काही विजेते झाली नाहीत. साबळे सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाले, सियाचीनसारख्या ठिकाणी त्यांनी सेवा बजावली आणि २०१५ मध्ये, विशी ओलांडल्यावर, ते सैन्यांतर्गत क्रॉसकंट्री शर्यतीकडे वळले. पोटभर जेवण, पायांत योग्य बूट, प्रशिक्षक, विश्रांती आणि वर्षानुवर्षांचा सराव हे सर्व त्यानंतरचे. २०२० मध्ये दिल्लीत त्यांनी अर्धमॅरेथॉन १ तास ३० सेकंदांत पूर्ण केली. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये त्यांचे सुवर्णपदक अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. अठ्ठावीस अडथळे आणि पाण्यावरील सात उड्या पार करूनही एवढासाच फरक उरावा, ही किमया केवळ गरिबीची कशी असेल?

लेखक सराव गाळतात, कारण सरावात नाट्य नसते. प्रथमच मॅरेथॉन धावू पाहणाऱ्या हौशी माणसाला चार-पाच महिने लागतात. बहुतेक दिवस बोलता येईल इतक्या संथ गतीने धावायचे, आठवड्यातून एकदा लांब पल्ला गाठायचा, तो हळूहळू तीस किलोमीटरांपर्यंत न्यायचा, विश्रांतीचा दिवस मोडायचा नाही आणि शेवटचे दोन-तीन आठवडे उलट अंतर कमी करायचे. यात टाळ्या नाहीत. संत पौलाने करिंथकरांना लिहिताना शर्यतीचा दाखला दिला. करिंथजवळच क्रीडास्पर्धा भरत असल्याने वाचकांना तो सहज उमगला असणार. त्या दाखल्यात मुकुटाबरोबर खेळाडूच्या संयमाचाही उल्लेख आहे, हे आमच्या लेखकांनी लक्षात घ्यावे. जपमाळ ओढणाऱ्या वाचकाला पुनरावृत्तीतील अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. तो शब्दांत पकडणे हे लेखकाचे काम आहे.

ही उणीव केवळ साहित्यिक नाही. अनवाणी पाय हेच भांडवल आहे, असे वाचून एखादा मुलगा उपाशीपोटी, फाटक्या बुटांनी, पहिल्याच आठवड्यात वीस किलोमीटर धावतो आणि गुडघा दुखावून घरी बसतो. मग तो दोष स्वतःच्या जिद्दीला देतो. वास्तविक दोष त्या अपुऱ्या कथेचा असतो. धावपटूचे चरित्र लिहिणाऱ्याने त्याच्या पायांखालच्या काट्यांइतकीच त्याच्या ताटातल्या भाकरीची, प्रशिक्षकाच्या घड्याळाची आणि झोपेच्या तासांचीही नोंद करावी. असे चरित्र मराठीत येईल, तेव्हा ते आमच्या धर्मग्रामाच्या वाचनालयात आम्ही पहिल्या फळीवर ठेवू.