अतिप्रशिक्षणाचे निदान आणि प्रशिक्षकाची भूमिका : २०१३ च्या संयुक्त निवेदनाची समीक्षा

प्रस्तावना :
दीर्घ पल्ल्याचे धावणे, सायकलिंग, जलतरण यांसारख्या सहनक्षमतेच्या क्रीडाप्रकारांत वाढत्या भाराशिवाय प्रगती होत नाही. तथापि तोच भार विश्रांतीच्या प्रमाणाबाहेर गेला की कामगिरी खालावते. या प्रश्नावर युरोपियन कॉलेज ऑफ स्पोर्ट सायन्स आणि अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन यांनी २०१३ मध्ये संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. प्रशिक्षकाला ते कितपत उपयुक्त ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
निवेदनात तीन अवस्था मानल्या आहेत. फलदायी अतिभारातून खेळाडू काही दिवसांत वा आठवड्यांत सावरतो व अधिक सक्षम होतो. निष्फळ अतिभारातून सावरण्यास आठवडे वा महिने लागतात. अतिप्रशिक्षणाच्या लक्षणसमूहात त्याहूनही अधिक काळ जातो. येथेच मूलभूत अडचण आहे. भेदाचा मुख्य निकष सावरण्याचा काळ असल्याने आरंभी तिन्ही अवस्था सारख्याच दिसू शकतात. प्रशिक्षकाला निर्णय आज घ्यावयाचा असतो. निदान मात्र मागाहून हाती येते. खात्रीशीर अशी एकही चाचणी नाही, रक्तक्षय, संसर्ग, थायरॉइडचे विकार, अपुरा आहार ही कारणे आधी वगळावी लागतात, हे निवेदन प्रांजळपणे मान्य करते. हा त्याचा गुणच होय.

मागाहून केलेले निदानही फसवे असू शकते. अमेरिकन धावपटू अल्बर्टो सालाझार याने एप्रिल १९८२ मध्ये बोस्टन मॅरेथॉन अवघ्या दोन सेकंदांनी जिंकली. त्या एका शर्यतीने त्याची कारकीर्द संपविली, असे पुष्कळदा म्हटले जाते. परंतु त्याच वर्षी त्याने न्यूयॉर्क मॅरेथॉन सलग तिसऱ्यांदा जिंकली. १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये मात्र तो पंधरावा आला. ऱ्हास एका दिवसात घडत नाही. तो साचत जातो.

म्हणून दैनंदिन नोंदीला महत्त्व येते. कार्ल फॉस्टर यांच्या पद्धतीत खेळाडूला जाणवलेल्या श्रमाचा अंक सरावाच्या मिनिटांनी गुणतात : ७ अंक व ६० मिनिटे म्हणजे ४२० एकक भार. २०१६ मध्ये सॉ, मेन व गॅस्टिन यांनी पूर्वीच्या संशोधनाचा आढावा घेतला. खेळाडूने स्वतः सांगितलेल्या मनोवस्थेच्या नोंदी सरावाचा परिणाम शारीरिक मोजमापांपेक्षा अधिक संवेदनक्षमतेने टिपतात, असे त्यात आढळले. याचा अर्थ असा की, सर्वांत भरवशाचे साधन खेळाडूचा शब्द हेच आहे.

परंतु तो शब्द कोणापुढे उच्चारला जातो, हेही तितकेच निर्णायक ठरते. थकवा कबूल केल्यास संघातील स्थान जाईल अशी धास्ती असेल, तर खेळाडू ‘ठीक आहे’ असेच लिहील. निवेदनाचा भर शरीरातील खुणांवर असल्याने हा सत्तासंबंध त्यात दुय्यम राहिला आहे. ही त्याची मोठी मर्यादा होय.

निष्कर्ष :
कामगिरी घसरताच सराव वाढविण्याची प्रवृत्ती सर्वांत घातक आहे. प्रथम भार कमी करावा, आहार व झोप तपासावी, वैद्यकीय सल्ला घ्यावा. नोंदवही शक्यतो संघनिवडीशी संबंध नसलेल्या व्यक्तीने पाहावी. परीक्षा व प्रवास यांचा ताणही भारातच धरावा. आपल्या महाविद्यालयांतील शारीरिक शिक्षण संचालकांना हे विशेषत्वाने लागू पडते. थकलो असे सांगणाऱ्या खेळाडूला शिक्षा होणार नाही, ही हमी प्रशिक्षकाने दिली तरच कोणतीही मापनपद्धती सार्थ ठरेल.