सोडून देणारा शिकारी

(बीड जिल्ह्यातील एका व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



2020 चा नोव्हेंबर आठवा. आपल्या आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली. तुरीच्या रानात दिवसासुद्धा एकट्यानं जायला लोक धजत नव्हते. 18 डिसेंबरला शेजारच्या करमाळा तालुक्यात त्या बिबट्याला गोळी घातली गेली. पेपरात शब्द आला 'शार्पशूटर', पारावर शब्द होता 'शिकारी'. तिथं गोळी घालणं भाग होतं, त्यावर माझा वाद नाही. पण नेम चांगला म्हणजे शिकारी चांगला, हे समीकरण आपल्या डोक्यात कुठून आलं? माझं उत्तर असं की बरंचसं पुस्तकांतून आलं. आणि तेही पुस्तकं अर्धवट वाचल्यामुळं.

जिम कॉर्बेट घ्या. आपण त्याच्याकडं थरारासाठी जातो. पण त्याचं खरं मोठेपण वाघ पडल्यानंतर सुरू होतं. चंपावतची वाघीण मारल्यावर तो तिचे दात बघतो. उजवीकडचे वरचे-खालचे सुळे मोडलेले होते, जुन्या गोळीनं. म्हणजे कुणीतरी आधी अर्धवट शिकार केली, वाघीण अधू झाली आणि नेहमीचं सावज धरता येईना म्हणून माणसाकडं वळली. नरभक्षक तयार केला तो वाईट शिकाऱ्यानं. हे कॉर्बेट लिहून ठेवतो, आणि आपण ते पान उलटून पुढच्या वाघाकडं जातो.

आपल्याकडं व्यंकटेश माडगूळकर. तेही बंदूक घेऊन हिंडले, पुढं ती बाजूला ठेवून वही घेऊन जंगलात बसले. 'सत्तांतर'ला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळ्यांमधला सत्तेचा झगडा, बस. मध्ये माणूस येऊन शहाणपण सांगत नाही. तासन् तास न हलता बघत राहणं ही शिकाऱ्याचीच सवय, तीच त्यांनी लेखनात आणली. म्हणून ते पुस्तक टिकलं.

पण समीक्षकांनी यातून एक सोपी गोष्ट बनवली : खरा शिकारी तो, जो शेवटी शिकार सोडतो. ऐकायला छान आहे. माझा आक्षेप एवढाच की सोडायला आधी ती हौस असावी लागते. ज्याची चूलच शिकारीवर पेटते, त्यानं काय सोडायचं?

आता तुमच्या-माझ्या गावाबाहेरच्या माणसाकडं या. फासेपारधी. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला. फासेपारधी फाशात हरणं, काळवीट धरत. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर मारत. वैदूंचं सावज आणखी वेगळं. आणि पारध्यांची एक रीत नोंदली गेली : गाभण मादी किंवा पाडस फाशात सापडलं, तर सोडून द्यायचं.

इथं थांबून विचार करा. गोळीला ही सोय नाही. सुटली की सुटली. फाशात जनावर जिवंत असतं. पारधी जवळ जातो, हातानं चाचपतो, आणि मग ठरवतो. घरी लेकरं उपाशी असताना ठरवतो. कॉर्बेट-माडगूळकरांनी आयुष्यात एकदा सोडलं, हा दर खेपेला सोडत होता. 'सोडणं' हेच खऱ्या शिकाऱ्याचं लक्षण असेल, तर आपल्या समीक्षेला हा माणूस दिसला कसा नाही?

दिसला नाही, कारण त्याच्यासाठी आपल्याकडं दुसरा शब्द तयार होता. पारध म्हणजे शिकारच. पण शिकारी म्हटलं की रुबाब येतो आणि पारधी म्हटलं की संशय. 1871 साली इंग्रजांनी कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का पुढं पारध्यांवरही बसला. 1952 च्या 31 ऑगस्टला कायदा गेला. शिक्का गेला का, हे तुम्हीच सांगा.

कुणी म्हणेल, तुम्ही पारध्यांना संत करताय. नाही. ती रीत टिकली, कारण कुठल्या रानात कोणी फासे लावायचे हे रूढीनं ठरलेलं होतं. आज सोडलेलं पाडस उद्या आपल्याच वाट्याला येईल, ही खात्री होती. जीपवाले, सर्चलाइटवाले आले, रानं नांगरली गेली, आणि खात्री संपली. मग संयम कुणासाठी ठेवायचा? 1972 चा वन्यजीव कायदा हवाच होता. तो नसता तर आज माळावर काळवीट दिसलं नसतं. पण कायद्यानं शिकार थांबली तेव्हा पारध्याच्या हातातलं शास्त्रही गेलं. त्याबदल्यात त्याला जमीन मिळाली नाही, आणि ग्रंथालयात जागाही नाही.

मारुती चितमपल्लींनी जंगलातल्या माणसांच्या तोंडचे शब्द आयुष्यभर वेचले. ते काम आपल्या जिल्ह्यात बाकी आहे. फाशाच्या गाठींना नावं आहेत, तित्तिर बोलवायची शीळ आहे, गुजरातीशी नातं सांगणारी बोली आहे. एखाद्या म्हाताऱ्या पारध्याजवळ बसून हे उतरवून घ्यायला पाहिजे. तो सांगेल का, हा प्रश्न आहे. गावात चोरी झाली की पहिली गाडी कुणाच्या पालावर येते, हे त्याला पाठ आहे. वही घेऊन आलेला माणूस पंचनाम्याला आलेला नाही, हे त्याला आधी पटवून द्यावं लागेल. त्यालाच दोन-चार वर्षं लागतील. ती द्यायची आपली तयारी आहे का?