'रिपर्पजिंग' की उपयोगांतर? एका संज्ञेची चिकित्सा

एका रोगासाठी सिद्ध केलेले औषध दुसऱ्या रोगावर योजणे, या अर्थाने 'रिपर्पजिंग' ही संज्ञा औषधविज्ञानावरील लेखनात आता रूढ झाली आहे. मराठीत तिच्यासाठी कोणी 'पुनर्वापर' लिहितो, तर कोणी इंग्रजी शब्दच देवनागरीत उतरवतो. पर्यायी शब्द ठरविण्यापूर्वी मूळ संज्ञेने काय गृहीत धरले आहे, हे पाहणे अगत्याचे आहे. तिच्यात तीन गृहीतके दडलेली आहेत. पदार्थाला आधी एक निश्चित प्रयोजन होते, हे पहिले. ते सोडून त्याला दुसरे देण्यात आले, हे दुसरे. या स्थित्यंतरात पदार्थ तोच राहिल्याने त्याविषयीचे ज्ञानही जसेच्या तसे लागू पडते, हे तिसरे. विषाणुरोग आणि कर्करोग या दोन्ही क्षेत्रांत वावरणाऱ्या न्यूक्लिओसाइड-सदृश औषधांच्या इतिहासावर ही गृहीतके घासून पाहणे, हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

न्यूक्लिओसाइड म्हणजे शर्करेशी जोडलेला नत्रयुक्त बेस. पेशीत त्याला क्रमाने तीन फॉस्फेट जोडले गेले, की तो डीएनए किंवा आरएनए यांच्या साखळीचा घटक होण्यास पात्र ठरतो. प्रस्तुत औषधे या घटकांची नक्कल करतात. ज्या पेशी वा जे विषाणू वेगाने साखळ्या घडवितात, त्यांच्या घडणीत ती शिरतात. कर्कपेशी आणि विषाणू या दोहोंना हे वर्णन लागू पडते. दोन क्षेत्रांतील देवघेवीचे कारण येथेच आहे.

पहिल्या गृहीतकाची कसोटी झिडोव्हुडीन, म्हणजेच एझेडटी, या औषधावर घेता येते. जेरोम हॉर्विट्झ यांनी १९६४ मध्ये डेट्रॉइट येथे ते कर्करोगासाठी तयार केले; परंतु प्रयोगांत ते निष्फळ ठरले. १९८५ मध्ये एचआयव्हीवरील त्याचा परिणाम प्रयोगशाळेत दिसून आला आणि मार्च १९८७ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. तोपर्यंत ते औषध म्हणून कधीच वापरात नव्हते. जे एकदाही वापरले गेले नाही, त्याचा 'पुनर्वापर' कसा संभवतो? उलट दिशेचे उदाहरण जेमसायटाबीनचे. त्याचा शोध विषाणुविरोधी द्रव्य म्हणून सुरू झाला. १९९६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती मात्र स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी. तात्पर्य, 'मूळ प्रयोजन' हा पदार्थाचा गुण नसून तो प्रथम कोणत्या प्रयोगशाळेत घडला, याची ती केवळ नोंद असते.

दुसरे गृहीतकही टिकत नाही. एझेडटी साखळीत शिरले की पुढचा दुवा जोडण्यास जागा उरत नाही आणि साखळी तेथेच खुंटते. हा गुण १९६४ मध्ये होता तोच १९८७ मध्येही होता. बदलले ते लक्ष्य. एचआयव्हीचे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे विकर ही नक्कल मानवी पेशीकेंद्रातील विकरांपेक्षा सहज स्वीकारते.

या औषधांना 'खोटी अक्षरे' म्हणण्याचा प्रघातही येथे तपासला पाहिजे. एझेडटीला पूर्णविरामाची उपमा एक वेळ शोभेल. परंतु रेमडेसिव्हिर आपल्यापुढे आणखी तीन घटक जोडू देते आणि मग साखळी अडवते. मोल्नुपिराविर तर साखळी थांबवीतच नाही. ते कधी एका घटकासारखे, कधी दुसऱ्यासारखे वाचले जाऊन नकलेत चुका वाढविते. तीन भिन्न व्यापारांना एकच रूपक लावल्याने विद्यार्थ्याचे आकलन सुलभ होते खरे, पण यथार्थ होत नाही.

तिसरे गृहीतक सर्वांत घातक होय. फियालुरिडीन हे हर्पीस गटातील विषाणूंवरील संशोधनातून पुढे आलेले द्रव्य. १९९३ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत यकृतदाहाच्या 'बी' विषाणूवर त्याची चाचणी झाली. पंधरा रुग्णांपैकी सात जणांचे यकृत निकामी झाले. पाच दगावले आणि दोघे यकृतरोपणामुळे वाचले. आधीच्या प्राणिप्रयोगांनी या संकटाची सूचना दिली नव्हती. हे द्रव्य मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएत शिरत होते. त्याला तेथवर नेणारे वाहक प्रथिन मानवी मायटोकॉन्ड्रियात असते, उंदराच्या नसते, हे पुढे उमगले. पदार्थ तोच होता. पण रोग, उपचाराचा अवधी आणि शरीर बदलताच त्याविषयीचे ज्ञान अपुरे पडले.

महाराष्ट्राने याच गृहीतकाचे दुसरे रूप पाहिले. रेमडेसिव्हिर काँगोतील इबोला-चाचणीत इतर दोन उपचारांपेक्षा कमी पडले आणि ऑगस्ट २०१९ मध्ये त्या चाचणीतून वगळले गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयातील कोविड-रुग्णांना ते देऊ नये, अशी सशर्त शिफारस केली. तरीही एप्रिल २०२१ मध्ये त्याच्या कुप्यांसाठी आप्तजन दुकानोदुकानी वणवण करीत होते आणि काळाबाजार तेजीत होता. पुढे, आजाराच्या आरंभीच दिल्यास ते उपयोगी पडते असे दिसून आल्यावर, २०२२ मध्ये संघटनेने आपली शिफारस बदलली. औषध 'चालते की नाही' हा प्रश्नच अपुरा होता. कोणाला आणि केव्हा, हे त्याबरोबर विचारणे आवश्यक होते. 'जीवरक्षक' या एका विशेषणाने ते विचारण्याची वाट बुजविली.

या पद्धतीचा लाभ नाकारण्याचे कारण नाही. द्रव्य आधीच हाती असल्यामुळेच एझेडटी प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत दोन वर्षांहून थोड्या अधिक काळात पोहोचले. आक्षेप आहे तो संज्ञेने दिलेल्या फाजील आश्वासनाला.

यास्तव मराठीत दोन संज्ञा योजाव्यात, असे सुचवावेसे वाटते. वापरात असलेले औषध दुसऱ्या रोगावर योजिले, तर 'उपयोगांतर'. बाजूला पडलेले द्रव्य पुन्हा हाती घेतले, तर 'पुनःपरीक्षण'. 'भाषांतर' आणि 'स्थलांतर' या शब्दांमुळे 'अंतर' म्हणजे पालट, हे मराठी वाचकास ठाऊक आहे. भाषांतरित मजकूर मुळाशी नव्याने ताडून पाहावा लागतो, तसेच उपयोगांतरित औषधही नव्या रुग्णांवर नव्याने पारखून घ्यावे लागते. 'पुनर्वापर' या शब्दात ही सूचना नाही. त्याने वापरून झालेली बाटली धुऊन पुन्हा भरल्याचा भास होतो. परिभाषाकोश सिद्ध करणाऱ्यांनी हा भेद ध्यानी घ्यावा.