प्रेक्षकाचा देह आणि 'फॅन्ड्री'तील स्तंभ

चित्रपट म्हणजे डोळ्यांनी वाचावयाची संहिता, असे गृहीत धरूनच आपली बरीचशी चित्रपटसमीक्षा लिहिली जाते. व्हिव्हियन सोबचॅक यांनी १९९२ साली 'द अ‍ॅड्रेस ऑफ द आय' या ग्रंथात मर्लो-पाँतीच्या आधारे या गृहीताला छेद दिला. लॉरा मार्क्स यांनी 'द स्किन ऑफ द फिल्म'मध्ये (२०००) दृष्टीच स्पर्शेंद्रियासारखी कशी वावरते, ते दाखविले. अर्थबोधाआधीच देह प्रतिसाद देऊन मोकळा होतो, हा या मांडणीचा गाभा. सात्त्विक भावांची परंपरा सांगणाऱ्या आपल्याला तो अपरिचित वाटू नये. (ते भाव नाट्यशास्त्रात नटाच्या अभिनयासंदर्भात आले आहेत, हे मात्र उत्साहाच्या भरात विसरले जाते.)

पण हा देह कोणाचा? नागराज मंजुळे यांच्या 'फॅन्ड्री'त (२०१३) डुकरामागे धावणारे कैकाडी कुटुंब शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येताच जागच्या जागी थबकते. डुकराला कसले बंधन? ते निसटते. महाराष्ट्रातील चित्रपटगृहांत खेळापूर्वी राष्ट्रगीत वाजविण्याची प्रथा २००३ साली सुरू झाली. म्हणजे येथील प्रेक्षक थोड्याच वेळापूर्वी त्याच सुरांवर उभा राहिलेला असतो. त्याचे गुडघे ते सूर ओळखतात. या स्तंभाला संस्कारपूर्व, नैसर्गिक प्रतिसाद कसे म्हणावे? तो शिकविलेला आहे. आणि त्याची किंमत प्रेक्षकाला शून्य, जब्याच्या घराला मात्र दिवसभराची मेहनत.

स्पर्शाचेही तेच. लॉरा मार्क्स यांना स्थलांतरितांच्या इंद्रियस्मृतीचे उत्तम भान आहे. परंतु एकाच गावात, एकाच भाषेत स्पर्शाची उतरंड असते, हा त्यांचा विषय नव्हे. पडद्यावरील डुकराच्या अंगाकडे पाहून एखाद्याच्या अंगावर शहारा येतो, तर ज्याने तो फास स्वतः धरला आहे त्याच्या दंडात ताण भरतो. पहिल्याची किळस ही केवळ इंद्रियांची प्रतिक्रिया नाही. तिच्यात विटाळाचा इतिहास आहे.

शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर येतो आणि पडदा काळा होतो. त्याला विद्रोहाचे प्रतीक म्हणून मोकळे होण्याची घाई मला मान्य नाही. प्रतीक उमगण्यापूर्वी मान मागे गेलेली असते. अर्थात, सर्वांचीच नव्हे. मान मागे घेणारा आणि जब्याबरोबर मनोमन हात उगारणारा, असे दोघे शेजारच्या खुर्च्यांवर बसलेले असू शकतात. त्यांच्यातील भेद टिपणारी परिभाषा सोबचॅक यांच्या 'देहा'त सापडत नाही, आणि आपल्या साधारणीकरणातही नाही.